हवाईछत्रीचे स्वतःचे ओझे

साहसाच्या इतिहासात उडी घेणाऱ्याचे नाव टिकून राहते. उडीपूर्वी ज्याने हाती तागडी घेतली त्याचे सहसा राहत नाही. हवाईछत्रीचा, म्हणजेच पॅराशूटचा, इतिहास वाचताना आम्हांस ही उणीव विशेष जाणवली. म्हणून या लेखात आम्ही पराक्रमांची यादी न देता, कोणी काय पारखले आणि काय पारखावयाचे राहून गेले, एवढेच पाहणार आहोत.

लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४८५ साली सूचीच्या आकाराच्या कापडी छत्राचे चित्र रेखाटले. परंतु ते कागदावरच राहिले. १७८३ च्या डिसेंबरात फ्रान्समधील माँपेलिए येथे लुई-सेबास्तियाँ लनॉरमाँ याने वेधशाळेच्या मनोऱ्यावरून छत्रीच्या आधाराने उडी घेतली. आगीत सापडलेल्या माणसांना उंच घरांतून सुखरूप उतरता यावे, हा त्याचा हेतू होता. आरंभी त्याने दोन छत्र्या हाती घेऊन झाडावरून उडी मारून पाहिली व मगच तो मनोऱ्यावर चढला. पडण्यापासून रक्षण, या अर्थाचा ‘पॅराशूट’ हा शब्दही त्यानेच घडविला.

पुढे २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-झाक गार्नरॅं हा बलूनमधून सुमारे एक हजार मीटर उंचीवरून रेशमी छत्राखाली उतरला. तो वाचला खरा, पण उतरताना त्याची टोपली घड्याळाच्या लंबकाप्रमाणे भयंकर हेलकावे खात होती. छत्राच्या पोटात कोंडलेली हवा कधी या काठाने, कधी त्या काठाने निसटत होती, हे त्याचे कारण. माथ्यावर लहानसे छिद्र ठेवले की हवेला मधोमध वाट मिळते आणि झोके कमी होतात, हे पुढे कळले.

गार्नरॅंने १८०२ साली लंडनमध्ये केलेले अवतरण पाहणाऱ्यांत रॉबर्ट कॉकिंग नावाचा एक चित्रकार होता. त्या हेलकाव्यांचे त्याच्या मनाने घेतले. छत्र उलटे, म्हणजे टोक खाली असलेल्या शंकूप्रमाणे, केले तर ते स्थिर राहील, असे सर जॉर्ज केली यांनी मांडले होते. ही कल्पना चुकीची नव्हती. पस्तीस वर्षांनी, २४ जुलै १८३७ रोजी, एकसष्ट वर्षांचा कॉकिंग तसलेच छत्र घेऊन लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेतून बलूनखाली वर गेला. सुमारे पाच हजार फुटांवर त्याने स्वतःला मोकळे केले. क्षणभर सारे ठीक चालले. मग छत्राची कडी मोडली, कापड उलटले आणि कॉकिंग मृत्युमुखी पडला. त्याच्या छत्राचेच वजन दोनशे पौंडांहून अधिक होते. हिशेबात हे वजन नीट धरलेलेच नव्हते. जे तारणार तेही एक ओझेच असते, हे तो विसरला.

ही चूक किती सहज होते हे वाचकांना घरीही पाहता येईल. एका सुती हातरुमालाच्या चार कोपऱ्यांना समान लांबीचे दोरे बांधावेत, त्यांची टोके एकत्र करून खाली एक सुपारी अडकवावी आणि वारा नसेल अशा जिन्याच्या पोकळीतून ती सोडून वेळ मोजावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो एकूण वजनाइतका झाला की वेग वाढण्याचे थांबते. म्हणून वेग निम्मा करण्यास छत्राचे क्षेत्र चौपट हवे. आता दुप्पट बाजूचा रुमाल घ्यावा. क्षेत्र चौपट झाले, तरी उतरण्याचा वेळ दुप्पट होत नाही, असे दिसेल. कारण कापडही चौपट जड झाले! रुमाल आणि सुपारी निरनिराळी तोलून पाहिली की उलगडा होतो. मग रुमालाच्या मध्यभागी बोटभर छिद्र पाडावे. गार्नरॅंच्या हेलकाव्यांचेही कोडे सुटेल.

आणखी एक प्रसंग सांगणे प्राप्त आहे. पॅरिसमधील फ्रांझ रायखेल्ट हा शिंपी अंगावर घालण्याजोगी हवाईछत्री शिवत असे. त्याच्या पुतळ्यांवरील चाचण्या फसल्या. दोष अपुऱ्या उंचीचा, असे त्याने ठरविले. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर तो गेला तो पुतळा टाकून पाहण्याच्या परवानगीने. पण पुतळ्याऐवजी त्याने स्वतःच उडी घेतली. ५७ मीटरवरून तो कोसळला. पुतळ्यांनी वारंवार सांगितलेले उत्तर त्याने मानले नाही.

कॉकिंग किंवा रायखेल्ट यांना हसावे असे आम्हांस वाटत नाही. धैर्य दोघांपाशी होते आणि कॉकिंगची मूळ कल्पनाही डोळस होती. उणे पडले ते एवढेच, की प्रयोगाने द्यावयाचे उत्तर त्यांनी धैर्याकडे मागितले. २४ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या गगनयान मोहिमेसाठी सुमारे पावणेपाच टन वजनाची कुपी हेलिकॉप्टरमधून खाली सोडून तिच्या हवाईछत्र्या पारखण्यात आल्या. त्या कुपीत माणूस नव्हता. ज्यांना पुढे तीत बसावयाचे आहे, त्यांच्यासाठीच ती त्या दिवशी रिकामी ठेवलेली होती.