बाटली क्रमांक ५३ एन

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. लस मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनलेली. चौकशी आयोगाने दोष तिथेच टाकला, हाफकिन यांना पदावरून दूर केलं.

आपण बहुतेक इथेच थांबतो: सरकारी अहवाल मिळाला, झालं! पण साक्षी-नोंदी वाचा. मेलेले सगळे ५३ एन या एकाच बाटलीचे. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झालं नाही. ही बाटली उघडण्याआधी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. जंतू मुंबईतच शिरले असते तर ४१ दिवसांत लसीला दुर्गंधी सुटली असती. उघडताना ती आली नाही. रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये हेच जाहीरपणे मांडलं आणि हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचंच नाव आहे.

तेव्हा ऑनलाइन ‘लसीने मृत्यू’ किंवा ‘लस पूर्ण सुरक्षित’ असं काहीही दिसलं, की आधी विचारा: किती जणांना टोचली? कुठल्या बॅचची? दोष लसीत की हाताळणीत? उत्तरं बातमीत नसतील तर मूळ नोंद शोधा. हाफकिन यांना ती पाच वर्षांनी वाचवू शकली.