दुरून बोलणारी अक्षरे

गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण १९७० साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावरचा धान कापणीला आला, की आमच्या अर्जुनी-मोरगावच्या मुलखात भिंतींना वाचा फुटते. भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक ठरलेलेच. वडशाच्या नाटक मंडळ्यांची भित्तिपत्रके चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर झळकू लागतात. त्यांवरची ती जाडजूड, तिरपी, लाल-पिवळी नावे पाहिली, की मास्तरकी विसरून माझेही पाय रेंगाळतात.

माझ्या आज्याला अक्षरओळख नव्हती. तरी नाटक कसले, हे तो शंभर पावलांवरून सांगे. अक्षरातून रक्त ओघळत असेल तर खुनाचे. कान्याला तलवारीचे पाते असेल तर इतिहासाचे. वेलांटी पदरासारखी लहरत असेल तर सासुरवाशिणीच्या हालांचे! मी मॅट्रिक झालो त्या वर्षी मंडईचा फलक रंगवण्याचा मान मला मिळाला. पट्टी लावून, रेघा आखून मी सुबक अक्षरे काढली. आज्याने फलक खालून वर न्याहाळला आणि म्हणाला, "बाबू, हे त तहसीलीतली नोटीस दिसते!"

तेव्हा राग आला. पुढे छापील अक्षरांचा इतिहास वाचला, तेव्हा आज्याचे म्हणणे उमगले.

जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या रेखीव खिळ्यांनी मराठी व संस्कृत ग्रंथांना देखणे रूप दिले. परंतु खिळा हा शिस्तीचा गडी. अक्षराशेजारी अक्षर त्याने रांगेत उभे राहायचे. त्याने पोथी शोभते; आरोळी ठोकणे त्याचे काम नव्हे. हाताला मात्र मोकळीक असते. शिरोरेघ एका दमात ओढावी, उकाराला शेपूट द्यावे, शेजारच्या अक्षराला कवेत घ्यावे!

या मोकळिकीचे सोने केले कमल शेडगे यांनी. १९३५ साली जन्मलेल्या या कलावंताने वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी 'मत्स्यगंधा'सारख्या नाटकांची नावे अशी रेखाटली, की नाव वाचण्याआधी नाटकाचा स्वभाव कळावा. २०२० साली ते गेले. माझ्या आज्याने त्यांचे नावही ऐकले नव्हते. पण दोघांची कसोटी एकच होती.

आता फलक संगणकावर तयार होतात. बटण दाबले की जुन्या हातवळणाची जाड अक्षरेही हजर होतात. त्याला माझी ना नाही. परंतु तयार अक्षराला कोणते नाटक आहे, हे ठाऊक नसते.

परवा वर्गात मुलांना 'पूर' हा शब्द मोठ्या अक्षरात काढायला सांगितला. हस्ताक्षरात जिचे गुण मी नेहमी कापतो, त्या मुलीने दीर्घ ऊकार असा पसरवला, की सांडव्यावरून उसळलेले पाणी पाटीबाहेर वाहू लागले. मी तांबडी पेन्सिल खिशात घातली. आजा असता, तर त्याने ते अक्षर दारातूनच वाचले असते.