गिरण्या बंद पडल्या. पोरांचं काय झालं?

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप आजवर रीतसर मागे घेतलेला नाही. संपाचा विषय निघाला की आपण सामंत, मालक आणि सरकार यांच्यावर तावातावाने बोलतो. कामगारांच्या मुलांचा विषय मात्र राहूनच जातो.

त्या काळी गिरणीत शिरायचं म्हणजे आधी 'बदली' व्हायचं. पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचं, कुणी कामावर आला नसेल तर त्या दिवसाचा रोज मिळायचा. कित्येकांची अशी वर्षं गेली. बदल्यांना कायम करा, ही संपातली एक मागणीच होती. तरी त्या रांगेला एक भरवसा होता. वडील, मामा नाहीतर कुणी गाववाला शब्द टाकायचा आणि पोरगं चिकटायचं. मग गावी मनिऑर्डर, पुढे लग्न. लालबाग-परळच्या पोराला आयुष्याची पुढची पायरी दिसत होती.

संपाने ती पायरीच गेली. हजारो कामगारांना परत घेतलं नाही, मग त्यांच्या पोरांना कोण घेणार? १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. पुढे तिथे मॉल आणि टॉवर आले. त्यांच्या गेटवर सिक्युरिटी गार्डची नोकरी, तीही कंत्राटी.

मधल्या वर्षांत नाक्यानाक्यावर रिकामी पोरं उभी होती. टोळ्यांना ती आयती मिळाली. दगडी चाळीची टोळी याच वस्तीत वाढली. बहुतेक पोरं त्या वाटेला गेली नाहीत, हेही सांगायला हवं. कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी कुरिअर वाटले, कुणाच्या आईने डबे करून घर ओढलं. पण जी थोडी गेली, त्यांनी अख्ख्या वस्तीची झोप उडवली.

यावर सरकारचं उत्तर नव्वदच्या दशकात आलं, पोलीस चकमकींच्या रूपाने. रोजगाराचं उत्तर आलंच नाही.

आज पोलीस भरतीच्या मैदानावरची गर्दी बघा. गिरणीच्या गेटवरचा बदली निदान ओळखीच्या दारात उभा होता. या पोरांसाठी शब्द टाकणारं कोण आहे?

तुमच्या घरात कुणी गिरणीत होतं का? संपानंतर त्यांच्या मुलांनी काय केलं? कमेंटमध्ये जरूर लिहा.