वीस दिवसांची वाट

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडले, तेव्हा समुद्र दारातच होता. यवतमाळच्या शाळेत तो कालवावा लागतो: लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, आणि नुसते स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. पाणी नितळ दिसते, तरी नव्या टाकीतले मासे पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात. असे का?

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली मासे, गोगलगायी व पाणवनस्पती यांची समतोल टाकी मांडली. भर प्राणवायूवर होता. माशांच्या कल्ल्यांतून पाझरणाऱ्या अमोनियाचे कोडे उलगडले ते सांडपाण्यात. १८७७ साली श्लेझिंग व म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीच्या नळीतून सांडपाणी संथपणे सोडले. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडला. मग नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ते थांबले. म्हणजे हे काम सजीवांचे! १८९०-९१ मध्ये विनोग्रॅडस्की यांनी हे जीवाणू वेगळे केले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. आपल्या काळ्या रानात कपाशीला घातलेल्या युरियावरही अखेर असेच जीवाणू काम करतात.

हे जीवाणू फार सावकाश वाढतात. शिवाय समुद्रजल अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनियाचा विषारी अंश जास्त. म्हणून आपण चिमूटभर नवसागर घालून टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवावी. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे सोडावेत. घाई असेल तर जुन्या, निरोगी खाऱ्या टाकीतली मूठभर वाळू आणावी. श्लेझिंग यांनीही बंद पडलेली नळी बागेतल्या मातीच्या धुवणाने पुन्हा चालू केली होती.