लुई दोर आणि शिवराई होन: नाण्याचे मोल ठरवतो कोण?

१/
सन १६४०: फ्रान्सचा राजा तेरावा लुई ‘लुई दोर’ हे सुवर्णनाणे पाडण्याची आज्ञा देतो. सन १६७४: रायगडावर राज्याभिषेक होतो आणि शिवछत्रपतींच्या नावाचा सुवर्ण होन पाडला जातो. नाण्याचे मोल राजाज्ञेत असते की धातूत, या प्रश्नाला दोन्ही राज्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली.

२/
लुई दोरपूर्वी फ्रान्समध्ये परदेशी सोन्याची नाणी सर्रास चालत. त्यांच्या कडा कातरून सोने चोरले जाई. ज्यां वारँ या कारागिराने यंत्राच्या दाबाने घडवलेल्या गोल, रेखीव नाण्यात ही कातर लगेच उघडी पडे. वजन सुमारे पावणेसात ग्रॅम, सोने २२ कॅरेट; एका बाजूस राजाचा मुखवटा.

३/
नाण्यावर किमतीचा आकडा मात्र नव्हता. ‘लिव्र’ या हिशेबी चलनातील त्याचा भाव राजा फर्मानाने ठरवी. प्रारंभी तो १० लिव्र होता. सन १६८९ पासून चौदाव्या लुईने जुनी नाणी कमी भावाने परत घेतली आणि नवा छाप मारून चढ्या भावाने चालवली. मधली तफावत युद्धखर्चाला गेली.

४/
शिवराई होन हा दक्षिणेतील जुन्या होन-परंपरेतला. वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम. राजाचे चित्र नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. बीड-सिरसाळ्याचा मुलूख तेव्हा मोगल अमलाखाली होता आणि तेथील बादशाही नाण्यांवर फारसी लेख असे. त्या काळी देवनागरीत राजपद कोरणे ही सार्वभौमत्वाची घोषणाच होती.

५/
राज्याभिषेकप्रसंगी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत, असे कलम त्याने तहात मागितले. निराजीपंतांकडून उत्तर मिळाले, त्याचा आशय असा: कोणत्याही नाण्यास मनाई नाही, परंतु रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती राजा करणार नाही. मोगलांच्या नाण्याइतके शुद्ध व वजनदार असेल, तर ते आपोआप चालेल.

६/
या उत्तरामागे बाजाराचा अनुभव होता. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातील होनांचे अनेक प्रकार नोंदले आहेत. इतक्या नाण्यांत प्रत्येकाचा भाव सराफाच्या काट्यावर आणि कसोटीवर ठरे. सिंहासनावर नुकत्याच बसलेल्या राजाने स्वतःचे नाणे पाडले, पण तो काटा रयतेच्या हातून काढून घेतला नाही.