उबेचे ओझे : म्हैसूर, पुणे आणि हिमालयातील एक रात्र

म्हैसूर संस्थानाच्या काळात बंदीपूरचे अरण्य हे राजघराण्याचे शिकारीचे रान होते. अशा शाही शिकारीत ओझ्याचा प्रश्न शिकाऱ्याला कधी पडत नसे. तंबू, गाद्या, रजया आणि शिधा वाहून न्यायला हत्ती असत, बैलगाड्या असत आणि माणसेही असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते युग संपवले आणि १९७३ साली बंदीपूर व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ वनांपैकी एक झाले. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. पण दूरच्या डोंगरात स्वतःच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्या माणसापुढचा प्रश्न तसाच राहिला. रात्रीची ऊब किती वजनाला मिळते, हा तो प्रश्न. परदेशात उंच डोंगरांत शिकारीला जाणारा असो, हिमालयातला गिर्यारोहक असो की सीमेवरचा जवान, तिघांनाही तो सारखाच छळतो. या प्रश्नाच्या भारतीय इतिहासाचा एक धागा म्हैसूरला जातो, तर दुसरा पुण्याला.

मूळ तत्त्व साधे आहे. स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही. उष्णता देते ते झोपलेल्या माणसाचे शरीर. विश्रांतीत ते जुन्या काळच्या साठ ते शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असते. ती वाऱ्यावर उडून जाऊ न देणे एवढेच बॅगेचे काम. हे काम कापूस, लोकर किंवा पीस करत नाही, ते करते त्यांच्यात अडकलेली स्थिर हवा. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. म्हणून कमीत कमी वजनात जास्तीत जास्त हवा जो पदार्थ धरून ठेवील, तो श्रेष्ठ. सह्याद्रीतल्या धनगराच्या घोंगडीमागेही हेच विज्ञान आहे. लोकरीचा कुरळा तंतू हवा धरतो आणि आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही ऊब सोडत नाही. घोंगडीचा दोष एकच, तिचे वजन.

वजनाच्या कसोटीवर बदक-हंसांच्या छातीवरील मऊ पिसांना, म्हणजे डाऊनला, आजही तोड नाही. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज इंगल फिंच या रसायनशास्त्रज्ञाने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसे भरून स्वतःसाठी कोट शिवून घेतला होता. ट्वीडचे कोट घालणाऱ्या त्याच्या काही सोबत्यांना तो पोशाख हास्यास्पद वाटला. त्याच मोहिमेत कृत्रिम प्राणवायूच्या साहाय्याने फिंच आणि जेफ्री ब्रूस सुमारे ८,३०० मीटरपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणीही चढले नव्हते. हाच फिंच १९५२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक झाला आणि १९५७ पर्यंत त्या पदावर राहिला. पाषाण रस्त्यावरून त्या प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल?

पिसांचा शत्रू मात्र घरातलाच निघाला. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून रात्रभर बाष्प बाहेर पडते. कडाक्याच्या थंडीत ते बॅगेच्या थरांतच गोठते आणि दिवसेंदिवस साठत जाते. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे पेंग्विनची अंडी आणायला निघाले. रेनडिअरच्या कातड्याच्या आणि पिसांच्या अस्तराच्या त्यांच्या तीन बॅगांचे वजन निघताना ५२ पौंड होते. सुमारे पाच आठवड्यांनी परतताना ते ११८ पौंड झाले होते. वाढलेले ६६ पौंड म्हणजे सगळा बर्फ होता. ओली पिसे एकमेकांना चिकटतात, त्यांतली हवा निघून जाते आणि उरतो तो नुसता बोळा.

येथे कृत्रिम तंतूचा प्रवेश होतो. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा तंतू तयार केला. हा तंतू आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतो. १९७० च्या दशकात त्याचे अखंड आणि पोकळ प्रकार स्लीपिंग बॅगांत भरले जाऊ लागले. १९८० च्या दशकात ओलीतही टिकेल असा पिसांचा पर्याय अमेरिकी लष्कराला हवा होता. त्या गरजेतून अतिसूक्ष्म तंतूंचे प्रायमालॉफ्ट जन्मले. तरीही हा सौदा फुकटचा नव्हता. तेवढ्याच उबेसाठी कृत्रिम भरण पिसांपेक्षा जड पडते, पिशवीत जास्त जागा घेते आणि वारंवार दाबले गेल्याने काही वर्षांत आपला फुगीरपणा गमावते. त्याबदल्यात ते भिजले तरी बरीचशी ऊब राखते, लवकर वाळते आणि स्वस्तही असते.

ऊब नसली तर काय होते, याचा धडा भारताला १९६२ च्या ऑक्टोबरात मिळाला. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडचे जवान नामका चू नदीच्या काठी, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर उभे होते. अनेकांच्या अंगावर मैदानी प्रदेशातले सुती गणवेश होते आणि रात्रीसाठी जेमतेम ब्लँकेट. विमानातून टाकलेल्या सामानापैकी पुष्कळसे दऱ्याखोऱ्यांत हरवत होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला. थंडी, भूक आणि अपुरा दारूगोळा यांच्याशी त्या जवानांची लढाई मात्र आधीच सुरू झालेली होती.

याच्या एकच वर्ष आधी, १९६१ मध्ये, म्हैसूरला संरक्षण खाद्य संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली होती. शहर योगायोगाने निवडलेले नव्हते. १९५० पासून चेलुवांबा राजवाड्यात केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था काम करत होती आणि अन्नशास्त्राची परंपरा तिथे रुजू लागली होती. स्लीपिंग बॅगेचे तत्त्व आठवले की या प्रयोगशाळेचे महत्त्व उमगते. बॅग उष्णता राखते, ती निर्माण होते अन्नातून. एक ग्रॅम कर्बोदकातून ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धातून ९. जड बॅग नेता येत नसेल, तर शिधा हलका आणि सकस हवा. दीर्घकाळ टिकणारी चपाती, पाणी काढून टाकलेले पदार्थ, बहुस्तरी पिशवीत बंद करून दाबाखाली उकळत्या पाण्यापेक्षाही अधिक तापमानाला निर्जंतुक केलेले तयार जेवण हे सारे त्या गरजेतून उभे राहिले. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासोबतचे भारतीय पदार्थही म्हैसूरचेच होते.

त्याच १९८४ च्या एप्रिलमध्ये सियाचीनवर भारतीय सैन्य उतरले, तेव्हा जवानांचा विशेष पोशाख युरोपातून आणावा लागला होता. हे परावलंबन दीर्घकाळ टिकले. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दोन गोष्टींवर एकाच वेळी बोट ठेवले. जॅकेट व स्लीपिंग बॅगा जुन्या धर्तीच्या घेतल्या गेल्या होत्या आणि शिध्यातील पदार्थ बदलल्याने जवानांना मिळणारे उष्मांक काही ठिकाणी ८२ टक्क्यांपर्यंत घटले होते. बाहेरची ऊब आणि आतली ऊब अशा दोन्ही बाजू एकाच वेळी उण्या पडल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेने अधिक १५ ते उणे ५० अंश सेल्सिअससाठी आखलेल्या तीन थरांच्या स्वदेशी पोशाखाचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांकडे सोपवले. सहा दशकांपूर्वीच्या त्या सुती गणवेशांना दिलेले हे उशिराचे, पण आवश्यक उत्तर होते.

सामान्य गिर्यारोहकासाठीही या इतिहासात व्यवहाराचे सूत्र आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बॅगेवर तीन तापमाने छापलेली असतात. पहिले आरामाचे, दुसरे मर्यादेचे आणि तिसरे टोकाचे. टोकाच्या तापमानाला माणूस झोपत नाही, केवळ काही तास तग धरतो. म्हणून निवड करावी ती पहिल्या आकड्यावरून. कोरड्या, उंच, गोठलेल्या प्रदेशात पिसे सरस ठरतात. सह्याद्रीचा पाऊस, दाट धुके, ओला तंबू आणि वाळवायला ऊन नाही, अशा ठिकाणी थोडे जड पडले तरी कृत्रिम भरण शहाणपणाचे. दोन्हींच्या बाबतीत अंगाखाली दबलेला थर निरुपयोगी होतो, कारण त्यातली हवा निघून गेलेली असते. म्हणून खाली चांगली चटई हवीच.

आणि झोपण्यापूर्वी पोटभर जेवण हवे. उपाशी माणसाला उत्तमातली उत्तम बॅगही फार काळ ऊब देऊ शकत नाही, कारण बॅगेतली शेगडी तो स्वतःच असतो.