अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग

अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग हा फिरत्या दंडाला आधार देणाऱ्या बॉल बेअरिंगचा एक प्रकार आहे. यात आतील व बाहेरील कड्यांवरील धावपट्ट्या अक्षाच्या दिशेने एकमेकींपासून किंचित सरकवलेल्या असतात. त्यामुळे हे बेअरिंग अरीय भार (दंडाच्या अक्षाला लंब) आणि अक्षीय भार (दंडाच्या लांबीच्या दिशेने) एकाच वेळी पेलू शकते. मराठी परिभाषेत बेअरिंगला 'धारवा' अशी संज्ञा आहे. मात्र उद्योगक्षेत्रात बेअरिंग हाच शब्द रूढ आहे. यंत्रसाधनांचे स्पिंडल, अपकेंद्री पंप, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स आणि बॉलस्क्रू यांत या प्रकाराचा वापर होतो.

स्पर्शकोन

गोळी दोन्ही धावपट्ट्यांना ज्या बिंदूंत स्पर्श करते, त्यांना जोडणारी रेषा व अक्षाला लंब असलेली रेषा यांमधील कोनास स्पर्शकोन म्हणतात. १५°, २५°, ३०° आणि ४०° हे प्रचलित स्पर्शकोन आहेत. कोन जितका मोठा, तितकी अक्षीय भार पेलण्याची क्षमता अधिक. परंतु वेगमर्यादा कमी होते. म्हणून वेगवान स्पिंडलसाठी १५° किंवा २५°, तर मोठा अक्षीय रेटा सोसणाऱ्या पंपांसाठी ४०° कोन निवडला जातो. बॉलस्क्रूच्या आधारासाठी ६०° कोनाची विशेष बेअरिंगेही मिळतात.

एकेरी ओळीचे बेअरिंग अक्षीय भार एकाच दिशेने घेते. ते उलटे बसविल्यास किंवा भाराची दिशा बदलल्यास गोळ्या धावपट्टीच्या बुटक्या कडेवर चढतात आणि बेअरिंग लवकर निकामी होते.

क्रमांकन

एकेरी ओळीच्या बेअरिंगांचे क्रमांक सामान्यतः ७ या अंकाने सुरू होतात. ७०, ७२ आणि ७३ या मालिकांत त्याच क्रमाने बाहेरील व्यास व भारक्षमता वाढत जाते. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्याहून अधिक असल्यास त्यांना ५ ने गुणून आतील व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. उदाहरणार्थ, ७२०८ व ७३०८ या दोहोंचा आतील व्यास ४० मिमी असतो. बाहेरील व्यास मात्र अनुक्रमे ८० व ९० मिमी असतो. अंकांनंतरची अक्षरे स्पर्शकोन, पिंजरा, अचूकता इत्यादी दर्शवितात. ही अक्षरे उत्पादकानुसार बदलतात. बदली बेअरिंग घेताना केवळ अंक जुळवले, तर आकार बरोबर पण स्पर्शकोन वेगळा असलेले बेअरिंग यंत्रात बसण्याचा धोका असतो.

जोडीची मांडणी

दोन्ही दिशांचा अक्षीय भार घेण्यासाठी बेअरिंगे जोडीने वापरतात. मांडणीचे तीन प्रकार आहेत :

* पाठीला पाठ : भाररेषा अक्षाकडे जाताना एकमेकींपासून दूर जातात. आधाराचे परिणामी अंतर वाढल्याने दंड कलंडू पाहणाऱ्या बलाघूर्णाला चांगला विरोध होतो.
* तोंडाला तोंड : भाररेषा अक्षाकडे एकत्र येतात. ताठपणा कमी असतो, परंतु दंड व घर यांच्या संरेखनातील थोडा दोष अधिक सहन होतो.
* एकामागे एक : दोन्ही बेअरिंगे एकाच दिशेचा अक्षीय भार वाटून घेतात. उलट दिशेसाठी वेगळे बेअरिंग लागते.

कोणतीही दोन बेअरिंगे शेजारी ठेवून जोडी होत नाही. जोडीसाठी कड्यांच्या बाजू विशिष्ट मापात घासलेल्या असाव्या लागतात. अशी बेअरिंगे जुळवलेला संच म्हणून किंवा सार्वत्रिक जोडणीची म्हणून विकली जातात.

आयुष्याची गणना

आयएसओ २८१ या मानकानुसार मूलभूत आयुष्य म्हणजे एकसारख्या बेअरिंगांपैकी ९०% बेअरिंगे धातूच्या थकव्याची खूण न दाखवता जितक्या फेऱ्या पूर्ण करतात ती संख्या. तिचे सूत्र असे :

आयुष्य (दशलक्ष फेऱ्या) = (गतिक भारक्षमता ÷ समतुल्य भार)³

घातांक ३ असल्याने भार दुप्पट झाल्यास आयुष्य एक-अष्टमांश होते. ४०° कोनाच्या पाठीला पाठ जोडीसाठी अक्षीय व अरीय भारांचे गुणोत्तर १.१४ पेक्षा अधिक असल्यास समतुल्य भार पुढीलप्रमाणे काढतात :

समतुल्य भार = ०.५७ × अरीय भार + ०.९३ × अक्षीय भार

उदाहरण : मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या पंपात अरीय भार २ किलोन्यूटन व अक्षीय भार ४ किलोन्यूटन आहे, असे मानू. समतुल्य भार ४.८६ किलोन्यूटन येतो. जोडीची गतिक भारक्षमता ६० किलोन्यूटन असल्यास आयुष्य सुमारे १,८८० दशलक्ष फेऱ्या, म्हणजे सुमारे १०,४५० तास भरते. पेट्रोलियम उद्योगातील अपकेंद्री पंपांसाठीचे एपीआय ६१० मानक नियत स्थितीत सलग चालताना किमान २५,००० तासांची अपेक्षा करते. त्यासाठी सुमारे ८० किलोन्यूटन क्षमतेची जोडी लागेल. म्हणजेच क्षमतेत एक-तृतीयांश वाढ केल्याने आयुष्य दुपटीहून अधिक होते.

पूर्वभार

जोडीतील अंतर्गत मोकळीक नाहीशी करून बेअरिंगांवर आधीच थोडा अक्षीय भार ठेवणे म्हणजे पूर्वभार. कारखान्यांत यास प्रीलोड म्हणतात. यामुळे दंडाचा ताठपणा व फिरण्याची अचूकता वाढते आणि हलक्या भाराखाली गोळ्या लोळण्याऐवजी घसरण्याचा दोष टळतो. पूर्वभार प्रमाणाबाहेर झाल्यास मात्र घर्षण व तापमान वाढते; उष्णतेने दंड व आतील कडी प्रसरण पावल्याने पूर्वभार आणखी वाढून बेअरिंग जळू शकते. वेगवान स्पिंडलमध्ये म्हणूनच स्प्रिंगने दिलेला, जवळजवळ स्थिर राहणारा पूर्वभार अनेकदा वापरतात.

पिंजरा, गोळ्या व वंगण

काचतंतुयुक्त पॉलिअमाइडचा पिंजरा हलका असतो; तो साधारणतः १२०° सेल्सिअसपर्यंत वापरतात. अधिक तापमानात किंवा कंपने असलेल्या ठिकाणी यंत्रण केलेला पितळी पिंजरा पसंत केला जातो. सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकच्या गोळ्यांची घनता पोलादाच्या सुमारे ४०% असते. त्यामुळे अपकेंद्री बल घटते व अधिक वेग शक्य होतो. किंमत मात्र वाढते. मध्यम वेगासाठी ग्रीस पुरेसे असते. अतिवेगासाठी तेल व हवा यांच्या मिश्रणाचा मोजका पुरवठा करतात.

मर्यादा

गणनेने मिळणारे आयुष्य हे योग्य वंगण, स्वच्छता व अचूक बसवणी गृहीत धरते. धूळ, पाणी किंवा हातोड्याने ठोकून बसविताना पडलेले खळगे यांमुळे बेअरिंग त्यापूर्वीच निकामी होऊ शकते. भार मुख्यतः अरीय असल्यास खोल खाचेचे साधे बॉल बेअरिंग स्वस्त व पुरेसे ठरते. दोन्ही भार फार मोठे व वेग मर्यादित असल्यास टेपर रोलर बेअरिंगचा विचार केला जातो.